बाद ठरलेल्या बॅटऱ्यांची विद्या: प्रस्तावना

२०१४ साली आयबीएमच्या भारतातील संशोधन विभागाने बंगळुरूत एक प्रयोग केला. लॅपटॉपमधून काढून टाकलेल्या बॅटऱ्या गोळा केल्या, त्या उघडून आतले सेल सुटे केले, एकेक सेल तपासला आणि जे चालण्याजोगे निघाले त्यांची एक छोटी पेटी बनवली. तिच्यावर एलईडी दिवा लागे, लहानसा डीसी पंखा फिरे, मोबाइल चार्ज होई. पेटीचे नाव ‘ऊर्जार’. जिथे वीज पोचलेली नाही, किंवा पोचूनही भरवशाची नाही, अशा घरांसाठी ती होती. तपासलेल्या बॅटऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के बॅटऱ्यांत वर्षभर रोज चार तासांहून अधिक वेळ एक एलईडी दिवा पेटवण्याइतकी शक्ती शिल्लक होती.

हा आकडा सावकाश वाचावा. ७० टक्के बॅटऱ्या चांगल्या होत्या, असे तो म्हणत नाही. साध्या लॅपटॉपला काम करताना वीस-तीस वॅट लागतात आणि तेवढी वीज देताना बॅटरीचे व्होल्टेज ढासळून चालत नाही. त्या दिव्याला तीनच वॅट पुरत होते. काम हलके केले, म्हणून बाद माल पुन्हा कामाचा ठरला.

पण कारण तेवढेच नव्हते. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपच्या बॅटरीत सहा दंडगोल सेल असत, ‘१८६५०’ या नावाने बाजारात ओळखले जाणारे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. दोन-दोन सेल समांतर जोडून तीन जोड्या केलेल्या आणि त्या तीन जोड्या एकापुढे एक सिरीजमध्ये लावलेल्या. सिरीजमध्ये सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. एक जोडी अशक्त झाली की तिचे व्होल्टेज आधी कोसळते, आतल्या संरक्षक सर्किटला ते दिसते आणि ते अख्खी बॅटरी बंद करते. औताला जुंपलेल्यांपैकी एक बैल बसला की औत थांबते. म्हणून कुणी दुसरा बैलही विकून टाकत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. काही बॅटऱ्यांतली हिशेब ठेवणारी चिप तर एकदा बिघाडाची खूण नोंदली गेली की बॅटरीला कायमचे कुलूप लावते, मग आतले सेल धडधाकट का असेनात.

म्हणजे ‘बॅटरी गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा कधी तिला नेमून दिलेले काम तिच्याच्याने होत नसते, पण दुसरे होईल. कधी तिच्यातला एक भाग गेलेला असतो आणि बाकीचे उगाच बदनाम झालेले असतात. आणि कधी खरोखरच आतले रसायन संपलेले असते. तिथे कोणताही उपाय चालत नाही आणि करूही नये. हा निवाडा करायला शिकणे म्हणजे या क्षेत्राचा निम्मा अभ्यास. उरलेला निम्मा म्हणजे टाकून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून चार्जर घडवणे, आणि त्या चार्जरला थांबायला लावणे. या प्रस्तावनेत मी जास्त वेळ दुसऱ्या निम्म्यावर घालवणार आहे, कारण नवशिक्यांची फसगत तिथेच होते.

आधी थोडा इतिहास. गॅस्तॉं प्लान्ते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापडाचा थर घालून ते गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली उपयुक्त बॅटरी ती हीच. तेव्हा कामाचा डायनॅमो नव्हता. ही बॅटरी भरायला प्लान्तेला एकदाच वापरायच्या दुसऱ्या बॅटऱ्यांची वीज खर्चावी लागली. शिवाय नवी बॅटरी पहिल्या दिवशी जवळपास निकामीच असे. ती भरायची, रिकामी करायची, उलट दिशेने भरायची, पुन्हा रिकामी करायची, असे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही केल्यावर पत्र्यांवर सक्रिय द्रव्याचा थर तयार होई आणि बॅटरीत क्षमता येई. १८८१ साली कामिय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यांवर आधीच लावण्याची युक्ती काढली आणि हा वेळ वाचला. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी आत काय घडते ते मांडले: बॅटरी रिकामी होताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट बनते आणि आम्ल पातळ होत जाते. आज गॅरेजमधला माणूस हायड्रोमीटर बुडवून बॅटरीची अवस्था सांगतो, त्यामागे हेच आहे.

मला या इतिहासात विशेष वाटते ते हे, की धीम्या गतीने भरत-रिकामी करत बॅटरीला क्षमतेवर आणणे ही मागाहून सुचलेली जुगाडी कल्पना नाही. बॅटरीच्या जन्मापासूनचा तो विधी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही विद्या अगदीच अनोळखी नसावी. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा वीज नसलेल्या वस्त्यांवर ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालवला जाई, आणि रिकामी झालेली बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याच्या चार्जिंगच्या दुकानात जाई. अशा दुकानांत पाच-दहा बॅटऱ्या एकाच ओळीत सिरीजमध्ये जोडायची पद्धत होती. सगळ्यांतून सारखाच प्रवाह जायचा. धडधाकट बॅटरी लवकर भरून उकळू लागे आणि आजारी बॅटरी अर्धवटच राहून परत जाई. पुढे २००५ च्या आसपास भारनियमन वाढले आणि इन्व्हर्टर मध्यमवर्गीय घरात शिरला. त्याच्याबरोबर उंच नळकांडी प्लेटांची दीडशे अँपियर-तासांची बॅटरी, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि ‘बॅटरी फार पाणी पिते’ ही तक्रारही आली. या मधल्या तीन-चार दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ऑटो-इलेक्ट्रिशियन मंडळींनी जे ज्ञान कमावले ते कुठल्याही मराठी पुस्तकात सलग सापडत नाही. ते त्यांच्या हातांत आहे.

आता चार्जरकडे. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून काही तास निवांत ठेवली तर तिच्या टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. भरताना तिला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत न्यावे लागते. भरल्यावर नुसती तयार ठेवायची तर १३.५ ते १३.८ पुरतात. याहून कमी दिले तर पत्र्यांवरचे सल्फेट पूर्ण विरघळत नाही आणि तिथेच घट्ट होत जाते. जास्त दिले तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि धन पत्र्याची जाळी कुरतडली जाते. सगळा खेळ एका व्होल्टच्या आतला आहे. लिथियम-आयन सेलचा तर त्याहून अरुंद: ४.२ व्होल्ट ही वरची हद्द आणि इकडे-तिकडे मुभा सुमारे ०.०५ व्होल्टची. वीज पुरवणे सोपे आहे. ती भिंतीतल्या प्लगमध्येच आहे. चार्जरचे खरे काम ती मोजून देणे आणि वेळेवर अडवणे.

आणि अडवण्याची ही यंत्रणा आपण रोज किलोवर विकतो. भंगारवाला ट्रान्सफॉर्मरमधले तांबे बघतो, हीटसिंकचे ॲल्युमिनियम बघतो. सर्किटची पाटी त्याच्या लेखी नुसते वजन. जुन्या ॲडॉप्टरच्या, डीव्हीडी प्लेअरच्या, सेट-टॉप बॉक्सच्या पॉवर सप्लायमध्ये ऑप्टोकप्लरच्या शेजारी बहुधा एक तीन पायांचा काळा दाणा असतो. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा, पण त्यावर ‘टीएल४३१’ किंवा त्याच जातीचा क्रमांक असतो. त्याच्या पोटात २.५ व्होल्टचे एक स्थिर माप आहे. दोन रेझिस्टर जोडून त्याला सांगता येते की व्होल्टेज १३.८ ला पोचले की हात आखडता घे. माझ्या मते साऱ्या ई-कचऱ्यातला, बॅटरीवाल्याच्या दृष्टीने, सर्वांत मौल्यवान तुकडा हाच. आणि तो कुणी वेचून ठेवत नाही.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, म्हणजे त्याचा पॉवर सप्लाय, ही या क्षेत्रातली आवडती वस्तू. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. नवशिक्याला वाटते, बारा व्होल्टची बॅटरी आणि बारा व्होल्टची तार, झाले काम. पण वरचे आकडे पाहा: बाराने बारा व्होल्टची बॅटरी भरत नाही. तिला निदान १३.८ हवेत. जुन्या एसएमपीएसमध्ये टीएल४९४ ही चिप असेल तर तिच्या फीडबॅकचे रेझिस्टर बदलून पिवळी तार तिथवर चढवता येते. मात्र तसे करताना जादा व्होल्टेज दिसताच सप्लाय बंद पाडणारे संरक्षण आड येते, आणि बाहेरच्या बाजूचे कपॅसिटर बहुधा १६ व्होल्टचे असतात हे विसरून चालत नाही. एवढे करूनही प्रवाह किती द्यायचा याचा अटकाव त्यात नसतोच. पूर्ण रिकामी बॅटरी जोडली की सप्लाय दम टाकतो.

त्यापेक्षा लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर बरा. त्याचे पोट उघडावे लागत नाही. त्याच्यापुढे व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही बांधून देणारा छोटा बक कन्व्हर्टर लावायचा, त्यावरचे दोन स्क्रू फिरवून हद्दी ठरवायच्या आणि मग बॅटरी जोडायची. घरात पडून असलेल्या वस्तूंतून सुरक्षित चार्जर करायचा तर मी आधी हा मार्ग सांगेन. पुण्याच्या टापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा मॉड्यूल सहज मिळतो. ज्याला तोही विकत घ्यायचा नाही, त्याच्यासाठी एलएम३१७ आहे. रॉबर्ट डॉबकिन यांनी १९७६ साली नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत रचलेली ही चिप अजूनही जुन्या पाट्यांवर सापडते, तिच्या १.२५ व्होल्टच्या मापाला रेझिस्टरने भागले की ठरावीक प्रवाह मिळतो. अडीच ओहमचा रेझिस्टर, अर्धा अँपियर. गणित इतकेच.

या सगळ्यांहून जुना आणि मला अजून आवडणारा अटकाव म्हणजे सिरीज लॅम्प. सप्लाय आणि बॅटरी यांच्यामध्ये गाडीच्या हेडलाइटचा बल्ब ओळीत जोडायचा. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध तापल्यावरच्या रोधाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढा असतो. बॅटरीने जास्त प्रवाह ओढला की बल्ब पेटतो, तार तापते, रोध वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. बॅटरी भरत आली की बल्ब मंदावतो. मोजमाप, अटकाव आणि सूचना, तिन्ही कामे एकच वस्तू करते. तिच्यात एकच उणीव: ती प्रवाह आवरते, पूर्ण थांबवत नाही. म्हणून तिच्यावर बॅटरी सोडून झोपायला जाता येत नाही.

आता जिवाच्या धोक्याचे. २३० व्होल्टच्या मेन्सवर चालणाऱ्या कोणत्याही एसएमपीएसच्या पहिल्या बाजूच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. ट्रान्सफॉर्मर न वापरता नुसता एक कपॅसिटर लावून मेन्समधून थेट बॅटरी भरायचे नकाशे हातोहात फिरतात. त्यांत बॅटरीची टोके घराच्या वायरिंगशी उघडी जोडलेली असतात. बॅटरीला हात लावला तर मेन्सला हात लावल्यासारखेच. असा नकाशा कितीही स्वस्त असो, या क्षेत्रात त्याला जागा नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरचेही तेच: तो काढून, दुय्यम गुंडाळी कापून, तिथे जाड तारेचे दोन-तीन वेढे घालून सेलवर निकेलची पट्टी चिकटवणारा स्पॉट वेल्डर बनवतात. ओव्हनच्या आत त्याच गुंडाळीवर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि त्याने माणसे मेली आहेत. शिकताना हा प्रयोग वगळला तर काही बिघडत नाही.

शिसे-आम्ल बॅटरीचे निदान बरेचसे बाहेरून करता येते. निवांत ठेवलेल्या बॅटरीवर १०.५ व्होल्टच्या आसपास दिसले आणि चार्ज करूनही तिथेच अडले, तर सहा सेलपैकी एक आतल्या आत शॉर्ट झाला असण्याचा दाट संशय धरावा. एका सेलचे २.१ व्होल्ट नेमके वजा झालेले असतात. तळाशी साचलेल्या गाळाने प्लेटा जोडल्या गेलेल्या असतात, आणि हे कोणत्याही चार्जरने सुधारत नाही. सगळ्या सेलांचे आम्ल सारखेच हलके असेल, हायड्रोमीटर १.२८ ऐवजी १.१५ दाखवत असेल, तर मात्र आशा आहे. ती बॅटरी नुसती उपाशी असू शकते. महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिल्याने सल्फेटचे बारीक स्फटिक विरघळून पुन्हा मोठ्या स्फटिकांवर जमत जातात. मोठ्या स्फटिकाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी, म्हणून तो सहज विरघळत नाही. यावर माहीत असलेला सर्वांत खात्रीचा उपाय नीरस आहे: क्षमतेच्या शंभराव्या हिश्शाएवढा प्रवाह, दोन-तीन दिवस, मध्ये मध्ये तापमान बघत.

नीरस उपाय कुणाला आवडत नाही. म्हणून डीसल्फेटर. अमेरिकेतल्या ‘होम पॉवर’ या नियतकालिकात २००० साली ॲलिस्टर कूपर यांनी एक सर्किट छापले. ५५५ टायमर, एक मॉसफेट आणि दोन कॉइल यांच्या जोरावर बॅटरीला तिच्याच विजेचे तीक्ष्ण झटके देणारे. ५५५ ही १९७२ साली बाजारात आलेली हान्स कामेन्झिंड यांची चिप तर जुन्या खेळण्यांतही मिळते. त्या नकाशाच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्या बांधल्या. झटक्यांनी काही बॅटऱ्या सुधारल्या हे खोटे नाही. पण त्याच बॅटऱ्या नुसत्या हळू चार्जनेही सुधारल्या असत्या का, हे तपासल्याशिवाय झटक्यांना श्रेय देता येत नाही, आणि बहुतेकांनी तपासले नाही. दोन सारख्या बॅटऱ्या, एकीला झटके, दुसरीला तेवढाच सरासरी प्रवाह सरळ; हा प्रयोग कुणीही घराच्या गॅलरीत करू शकेल. एप्सम सॉल्ट, तुरटी असल्या मिश्रणांविषयी मी आणखी कठोर आहे. झडून तळाला गेलेले सक्रिय द्रव्य कोणत्याही मिठाने परत प्लेटवर चढत नाही.

क्षमतेबद्दल एक खुलासा इथेच करावा, कारण विक्रेते आणि ग्राहक यांच्यात निम्मी भांडणे त्यावरून होतात. दीडशे अँपियर-तास हा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो: साडेसात अँपियर, वीस तास. त्याच बॅटरीतून पन्नास अँपियर ओढले तर तीन तास मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. पॉइकर्ट या जर्मन संशोधकाने १८९७ साली याचा नियम मांडला. तेव्हा पुनरुज्जीवित बॅटरीची चाचणी घेताना कोणत्या प्रवाहावर घेतली हे लिहिलेले नसेल, तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही.

लिथियमचा स्वभाव वेगळा. शिशाची बॅटरी चुका बरीच सहन करते आणि बिघडली तर बहुधा नुसती निकामी होते. लिथियम सेल चूक लक्षात ठेवतो. फार काळ २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेल्या सेलमध्ये ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातून तांबे विरघळून द्रवात उतरते. पुन्हा चार्ज केल्यावर ते भलत्या ठिकाणी जमते आणि आतल्या आत शॉर्टचा मार्ग तयार करते. असा सेल आज भरतो, उद्या चांगला चालतो आणि एखाद्या रात्री पेटतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ‘झटका देऊन’ मेलेली बॅटरी उठवतात, तेव्हा नेमका हाच धोका गिऱ्हाइकाच्या खिशात जातो. आठवडाभर ड्रॉवरमध्ये राहून जरा खाली गेलेला सेल आणि तीन वर्षे शून्यावर पडलेला सेल, मीटरवर दोन्ही काही वेळ सारखे दिसू शकतात. म्हणून सेलचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर संशयाचा फायदा सेलला द्यायचा नाही.

जे सेल या चाळणीतून उरतात त्यांच्यासाठी पद्धत ठरलेली आहे. टीपी४०५६ सारख्या चिपच्या छोट्या पाटीवरून, जुन्या मोबाइलच्या ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरने, एकेक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा. (तो ॲडॉप्टर स्वतः काहीच चार्ज करत नाही, चार्जिंगचे नियंत्रण फोनच्या आत असते, म्हणून ॲडॉप्टर आणि सेल यांची थेट गाठ कधीही घालू नये.) या पाट्यांवर प्रवाह बहुधा एक अँपियरला बांधलेला येतो; जुन्या सेलसाठी त्यावरचा रेझिस्टर बदलून तो कमी केलेला चांगला. भरताना हाताला गरम लागला तो सेल बाद. भरून दोन-तीन आठवडे ठेवल्यावर ज्याचे व्होल्टेज इतरांपेक्षा ठळक उतरले तोही बाद, कारण तो आतल्या आत गळतो आहे. उरलेले ठरावीक प्रवाहाने ३ व्होल्टपर्यंत रिकामे करून क्षमता मोजायची आणि सारख्या क्षमतेचे एकत्र लावायचे. यात एकही पायरी अवघड नाही. सगळ्या मिळून महिना लागतो, आणि लोक घाई करतात ती इथेच.

जगात ही विद्या सर्वांत दाट कुठे झाली असेल तर क्युबात. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारा माल थांबला. तेव्हा क्युबाच्या सैन्याच्याच प्रकाशनसंस्थेने घरगुती दुरुस्त्यांची आणि जुगाडांची पुस्तके छापली. एर्नेस्टो ओरोझा या क्युबन रचनाकाराने त्या काळातल्या वस्तू गोळा केल्या आहेत. त्यांत श्रवणयंत्रातल्या, म्हणजे खरे तर एकदाच वापरायच्या, बॅटऱ्या पुन्हा भरणारा एक घरगुती चार्जर आहे. तशा बॅटऱ्या भरू नयेत हे कुठलेही पुस्तक सांगेल, मीही सांगतो. पण दुसरी बॅटरी मिळणारच नाही आणि माणसाला ऐकू यायचे आहे, अशा वेळी पुस्तकातला नियम कुठल्या बाजारपेठेसाठी लिहिला आहे तेही दिसते. मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाची पवनचक्की आता पुष्कळांना ठाऊक आहे: २००२ च्या सुमाराचा दुष्काळ, फीसाठी पैसे नाहीत म्हणून शाळा सुटलेला मुलगा, ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनॅमो, पुढे तिला जोडलेली गाडीची बॅटरी. मला त्यातला सर्वांत हुशारीचा भाग पवनचक्की वाटत नाही. खिळे, तार आणि चुंबक घेऊन त्याने स्वतः सर्किट ब्रेकर बनवला होता. वीज निर्माण झाल्यावर ती अडवावीही लागेल, हे त्या मुलाला उमगले होते.

पर्यावरणाचा मुद्दा या क्षेत्रात सगळेच पुढे करतात, म्हणून त्याचा हिशेब जरा काटेकोर मांडतो. २०२२ साली जगात ६२० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला, असे २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालात आहे. हे खरे, पण शिशाच्या बॅटरीचे गणित वेगळे. शिशाला भाव आहे, त्यामुळे ती कचऱ्यात सहसा राहत नाही. परत वितळवली जाते. तिला आणखी दोन वर्षे चालवली तर फायदा मुख्यतः आपल्या खिशाचा. तिचे खरे संकट ती कुठे वितळवली जाते हे आहे. वस्तीतल्या उघड्या भट्ट्यांत शिसे गाळले जाते, त्याची धूळ मुलांच्या रक्तात पोचते. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, असे युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० साली मांडले. म्हणून शिशाची बॅटरी फोडायची नाही, आम्ल नालीत ओतायचे नाही, आणि शेवटी ती अधिकृत विक्रेत्याकडेच परत करायची. लॅपटॉपच्या लिथियम सेलला भंगारात तसा भाव नाही आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्थाही शिशाइतकी जुनी, पक्की नाही. पर्यावरणाच्या नावाने काही करायचेच असेल, तर ते काम तिथे आहे.

कायदाही हळूहळू या दिशेने वळतो आहे. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी लागेल. गोंद लावून बंद केलेले फोन उघडताना ज्यांनी पडदा फोडला आहे त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

या क्षेत्रात येणाऱ्याचे स्वागत करताना पदवी विचारायचे कारण नाही. ओहमचा नियम, एक बरा मल्टीमीटर, हायड्रोमीटर, डोळ्यांवर चष्मा आणि वारा खेळता असेल अशी जागा. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. कमतरता आहे ती नोंदींची. बॅटरी उठली की तिची गोष्ट सांगितली जाते. उठली नाही की ती गुपचूप भंगारात जाते, आणि मग कोणता उपाय कितींदा फसला हे कुणालाच सांगता येत नाही. ऑटो-इलेक्ट्रिशियनला बॅटरीची कोणती बाजू आधी गरम होते यावरून बिघडलेला सेल ओळखता येतो, उकळण्याच्या आवाजावरून ती भरल्याचे कळते. हे कुणी त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतलेले नाही.

सुरुवात लिथियमपासून करू नका. बंद पडलेल्या कॉम्प्युटर यूपीएसमधली बारा व्होल्ट, सात अँपियर-तासांची बॅटरी घ्या. ती कुठल्याही ऑफिसच्या कोपऱ्यात फुकट मिळते आणि बऱ्याचदा सुकल्यामुळे गेलेली असते. वरचे झाकण अलगद उचकटून रबरी टोप्या काढा, प्रत्येक सेलमध्ये सिरिंजने थोडेथोडे डिस्टिल्ड वॉटर घाला, प्लेटांमधली काचतंतूंची चटई ओली दिसली की थांबा, आणि एक रात्र तशीच ठेवा. मग सिरीज लॅम्पमधून हळू चार्ज. वहीत उभे रकाने पाडा: तारीख, निवांत व्होल्टेज, प्रवाह, तापमान, रिकामी करताना किती अँपियरवर किती तास चालली. तीच चाचणी महिन्याने पुन्हा घ्या, कारण पहिल्या आठवड्यातली सुधारणा पुष्कळदा टिकत नाही. जी बॅटरी टिकली नाही तिचीही ओळ खोडू नका. ती कोणत्या तारखेला परत दिली आणि दुकानदाराने किलोला काय भाव लावला, तेही शेवटच्या रकान्यात लिहा.